फादरचा मोठा एफ

सावंतवाडी, २१ नोव्हेंबर १९५८

मास्तर,

तुमची विमला सुखरूप पलीकडे गोव्यात पोचली. बाळही. तुम्ही मुंबईत आपल्या गावच्या सत्यवानाकडे पोचलात की नाही ते कळलं नाही, पण त्याच्याच पत्त्यावर लिहिते आहे. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घातलेलं नाही. अक्षरावरून ओळखाल.

परवा काय झालं ते सांगते. विमलाचा परवाना खरा होता, दिवाळीला माहेरी आलेली बाई पेडण्याला सासरी परत जाते आहे, एवढंच त्यात होतं. पण पिशवीत बाळाच्या दुपट्यांखाली ते पुडकं मिळालं. बत्तीस पत्रं, आणि हद्दीपार पत्रं न्यायला बंदी. नाक्यावरून तिला जीपमधून आमच्या पोलीस कचेरीत आणली. मी माझ्या टेबलाशी होते. तिने मला पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. मीही नाही. सहा वर्षं तुमच्या ओसरीवर एका चटईवर बसून आम्ही शिकलो, आणि मी मान खाली घालून रिबन बदलत राहिले.

मुनशींनी विचारलं, पुडकं कोणी दिलं? ती म्हणाली, "बाबांनी दिल्यानी. आत काय आसा ता मी इचारूक नाय." मुनशींनी लिहून घेतलं : पुडके बाबांनी दिले, आत काय ते विचारले नाही. तेवढ्यात बाळ रडायला लागलं, साहेब वैतागले आणि संध्याकाळच्या आत तिला जाऊ दिलं. पुडकं ठेवून घेतलं.

जबाबाचं इंग्रजी मी केलं. साहेब लखनौकडचे, त्यांना मराठी येत नाही, तेव्हा इंग्रजी कागदच खरा धरतात. तुमचं नाव त्यात कुठेही नाही. पत्रांवरही कोणी नाव घातलेलं नाही, सगळे नुसते 'तुझी आई', 'तुझा थोरला भाऊ'. घाबरू नका. डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या, घाई करू नका.

तुम्ही शिकवलेल्या नियमाप्रमाणेच टाइप केलं आहे. नात्याच्या शब्दामागे 'माझा, तुझा' असेल तर पहिलं अक्षर लहान. नात्याचा शब्द नावाच्या जागी आला तर मोठं. चूक काढता येणार नाही कोणाला.

पत्र वाचून जाळा.

सु.


सावंतवाडी, २८ नोव्हेंबर १९५८

मास्तर,

पाद्रीबाबांना नेलं.

बुधवारी सकाळी मी गावाहून बसने येत होते, तेव्हा चर्चच्या, आपल्या इगर्जीच्या, दारात जीप उभी होती. मला वाटलं, चौकशी असेल. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मी कचेरीत परतले तेव्हा ते आमच्याच बाकावर बसलेले. पांढरा झगा, पायांत वहाणा नाहीत, घालायलाही वेळ दिला नसावा. मला पाहून हसले. "सुगंधा, तू हंय काम करतंस? बरा केलंस." मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही.

हे कसं झालं ते तुम्हांला सांगायला हवं. सोमवारी साहेबांनी तो जबाब वाचायला घेतला. वाचता वाचता थांबले. हेडक्लार्क परशुरामभाऊंना विचारलं, "फादर? कौन-सा फादर?" परशुरामभाऊ म्हणाले, "साब, उस गाँव में तो एक ही फादर है." साहेबांनी कागद पुन्हा पाहिला. फादरचा एफ मोठा होता. त्यांनी त्या शब्दाखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली. बत्तीस पत्रांत एक पोर्तुगीज भाषेतलं आहे, आणि आपल्या गावात पोर्तुगीज येतं ते पाद्रीबाबांनाच. साहेबांचं सगळं जुळलं.

मी चार हातांवर बसले होते, मास्तर. सगळं ऐकत होते. उठून एवढंच म्हणायचं होतं, साहेब, हे फादर म्हणजे वडील. तिचे वडील. एक वाक्य. पण मग साहेबांनी विचारलं असतं, वडिलांचं नाव काय?

मी बसून राहिले. एक साधं स्मरणपत्र टाइप करायला मला तीन कागद लागले.

आता रोज बसमधून उतरले की कचेरीला लांबच्या रस्त्याने जाते. शिपाई नुसतं 'बाई' म्हणाला तरी दचकून उभी राहते. घरी आईने विचारलं, "गो, तुका जेवाण जायना कित्या?" तिला पित्त झालंय म्हणून सांगितलं.

तुम्ही लिहा, मास्तर. काय करायचं ते सांगा. तुम्हीच इथे आलात आणि साहेबांना म्हणालात, पत्रं मी गोळा केली, माणसांना माणसांची खुशाली कळावी म्हणून केली, तर मला वाटतं ते ऐकतील. ते वाईट गृहस्थ नाहीत. नवे आहेत आणि त्यांनाही वरची भीती आहे.

वाट पाहते.

सु.


सावंतवाडी, ९ डिसेंबर १९५८

मास्तर,

तुमचं पत्र नाही. सत्यवानाचं कार्ड आईला आलं, त्यात तुमची प्रकृती ठीक आहे आणि ऑपरेशन पुढे ढकललंय असं आहे. म्हणजे माझी पत्रं पोचतात.

परवा रविवारी रोझामाय आमच्या घरी आली. पाद्रीबाबांचा स्वयंपाक करते ती. तुम्ही तिला ओळखता, तुमच्याकडे पडवळाचं बी मागायला यायची. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आईने आत घेतली, पाणी दिलं. ती पाणी न पिताच बोलायला लागली.

"बाय, तुका इंग्लीश येता. माका येक अर्ज लिहून दी. तेंका दमो आसा. थंय जमनीर निजयतत. तेणी कोणाचा काय वाकडा केल्यानी गो? पुडका तेणी देवक नाय. तेणी दिल्यानी नाय असा मी शपथ घेवन सांगतंय."

मी म्हटलं, "माका ठावक आसा."

बोलून गेले. आई माझ्याकडे बघायला लागली. रोझामायने मात्र ते दिलाशाचं बोलणं म्हणून घेतलं. माझा हात धरला आणि रडली.

अर्ज लिहिला. दुसरं काय करणार होते? पाद्रीबाबांचं नाव इंग्रजीत लिहिताना आधी फादर लिहावं लागतं आणि तिथे एफ मोठाच लागतो, पदवी आहे ती, पुढे नाव आहे. पाच वेळा तो शब्द आला. रोझामाय माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला वाचता येत नाही, तरी अक्षरांवर बोट ठेवून विचारायची, "हंय तेंचा नाव आसा?" मी म्हणायचे, आसा.

ती गेल्यावर मी मागच्या पडवीत जाऊन बसले. आता तुम्हांला खरं लिहिते. पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं नव्हतं, पण पुरतं नव्हतं.

जबाबाचं इंग्रजी मी आधी केलं तेव्हा 'माझ्या वडिलांनी' असंच केलं होतं. माय, आणि पुढे लहान एफचा फादर. कोणालाही तसंच सुचेल. कागद यंत्रातून काढला, वाचला, आणि लक्षात आलं. साहेब दुसरा प्रश्न वडिलांचाच करणार. मी कागद बाजूला ठेवून नवा घातला. 'माय' गाळलं आणि फादरचा एफ मोठा केला. मुनशींच्या मराठीत 'माझ्या' नव्हतंच, म्हणजे भाषांतर चोख. तुमचा नियमही पाळलेला. आणि वाचणारा लखनौचा माणूस, तो फादर म्हणजे कोण समजेल, हे मला माहीत नव्हतं असं मी तुम्हांला सांगू शकत नाही. मला वाटलं होतं, समजेल आणि गोंधळेल, आणि कागद तसाच फायलीत पडून राहील. माणूस उचलून नेतील असं वाटलं नव्हतं. एवढंच माझ्या बाजूने.

पहिला कागद घरी आणून चुलीत घातला.

तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, बिनबापाच्या पोरीला फुकट शिकवलंत, टायपिंगला मालवणला पाठवलंत, ही नोकरी लावलीत, ते मनात होतं म्हणून हात तसा चालला. पण आता रोझामाय उंबऱ्यावर येऊन गेली आहे, आणि मला हे एकटीला पेलत नाही.

दोन ओळी लिहा.

सु.


सावंतवाडी, १९ डिसेंबर १९५८

मास्तर,

तुमच्या पाच ओळी मिळाल्या.

'कागद व्याकरणाने शुद्ध आहे. तू काही बोलू नकोस. पाद्रींच्या मागे मोठी माणसे आहेत, ते सुटतील. माझ्या मागे कोणी नाही. पत्रे लिहिणे बंद कर.'

सहीसुद्धा नाही. तरी मी पुन्हा लिहिते आहे, कारण ज्या मोठ्या माणसांचं तुम्ही म्हणता ती कोणी आली नाहीत. त्यांच्या बाजूने आला तो रोझामायचा एकच अर्ज, आणि तो साहेबांच्या टेबलावर दौतीखाली पडला आहे. मी रोज बघते.

पाद्रीबाबांना जिल्ह्याच्या गावी हलवलं. जाताना खोकत होते. साहेबांनी त्यांना चार वेळा विचारलं, पुडकं तुम्ही दिलंत का? ते म्हणाले, मी दिलं नाही. मग कोणी दिलं? त्यावर ते काही बोलत नाहीत. परशुरामभाऊ म्हणतात, बोलत नाही म्हणजे तोच.

परशुरामभाऊंविषयीच लिहायचं आहे. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात तो जबाब. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही.

"सुगंधाबाय, हो एफ मोठो कित्या?"

मी म्हटलं, "वाक्यात तो शब्द नावाच्या जागी आहे, म्हणून."

"असा." ते कागदाकडेच बघत होते. "माझ्या पोरांक मी घरात बाबाच. माझा नाव बाबा न्हय." मग म्हणाले, "त्या बायलेचो बापूस कोण, ता माका ठावक आसा. आपल्या भागातलो मास्तर. तुका पण ठावक आसतला."

मी डबा उघडत होते, झाकण हातातून पडलं. ते वाकले, झाकण उचलून टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. अजून कोणाला काही बोललेले नाहीत. का बोलले नाहीत, कधी बोलतील, काय मागतील, ह्याचाच विचार चालू असतो. आज त्यांनी मला चहा पाठवला. मी तो प्यायले नाही. मग वाटलं, प्यायले नाही हे त्यांनी बघितलं असेल.

तुम्हांला भीती वाटते हे मला समजतं, मास्तर. मला तुमच्याइतकीच वाटते. पण तुमच्या पाच ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या आणि त्यांत पाद्रीबाबांविषयी कळवळा कुठे सापडतो का ते शोधलं. तुम्ही दोघं संध्याकाळी व्हाळाच्या पुलावर बसून बोलायचात. आम्हां मुलींना वाटायचं, एवढं काय बोलतात.

सु.


सावंतवाडी, २९ डिसेंबर १९५८

मास्तर,

हे पत्र मी आजच्या कोल्हापूर गाडीच्या टपालात स्वतः टाकणार आहे. मुंबईला पोलिसांचा कागद जाईल त्याच्या आधी एखादा दिवस तरी तुमच्या हातात पडेल.

मी सांगितलं.

नाताळला इगर्ज बंद होती. मिस्सची प्रार्थना झाली नाही. लोक नवे कपडे घालून आले, दाराबाहेर अंगणात गुडघ्यांवर बसले, आपापली प्रार्थना केली आणि घरी गेले. आमची बस थांब्यावर उभी होती तेव्हा मी हे खिडकीतून पाहिलं. कोणी भांडलं नाही, ओरडलं नाही. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "पाद्री हेर होतो म्हणतत." बसमध्ये कोणी तिला खोडून काढलं नाही. मीही नाही.

शनिवारी साहेबांनी मला आत बोलावून वरच्या कचेरीसाठी एक शिफारस सांगायला सुरुवात केली. पाद्रीबाबांना घाटावरच्या तुरुंगात पाठवावं, एक वर्षासाठी. ते सांगत होते, मी टाइप करत होते. तारीख, विषय. मग नाव आलं. 'फादर' म्हणाले. मी एफवर बोट ठेवलं आणि ते खाली जाईना. साहेबांना वाटलं यंत्र अडकलं. "क्या हुआ?"

मी उभी राहिले. टेबलाची कड धरली. म्हटलं, "साहब, वो फादर ये नहीं हैं."

मग सगळं सांगितलं. वडील, पदवी, मोठा एफ, लहान एफ, गाळलेलं 'माय', जाळलेला कागद. हिंदी माझं मोडकं, मध्येच इंग्रजीवर जात होते, मध्येच मराठीवर. शेवटी साहेबांनी विचारलं, "आपको कब से मालूम था?"

"पहिल्या दिवसापासून."

मराठीत बोलले, तरी त्यांना समजलं. ते उठले, माझ्या यंत्रावर स्वतःच्या हाताने झाकण घातलं आणि कोरा कागद पुढे केला. "लिखिए. हाथ से."

मी इंग्रजीत लिहिलं. 'मी' ह्या शब्दाला इंग्रजीत कुठेही मोठं अक्षर लागतं, त्याला सवलत नाही, हे तुम्हीच आम्हांला सांगितलं होतं आणि विमला हसली होती की साहेब लोक स्वतःला फार मोठे समजतात. माझ्या कागदात तो शब्द ओळीओळीला आला. मी टाइप केलं, मी जाळलं, मी गप्प राहिले. आणि मग एकदा तुमचं नाव आलं. पूर्ण लिहिलं.

बाहेर आले तर परशुरामभाऊ दाराशी होते. मला वाटलं आता हसतील. हळूच म्हणाले, "माझ्यान सांगूक जावक नाय, बाय. माका पाच पोरां." एवढंच बोलून जागेवर जाऊन बसले. दहा-अकरा दिवस मी ज्या माणसाला भीत होते, तो आपल्यासारखाच भ्यालेला निघाला.

मला कामावरून काढलं आहे. खटला भरतील की नाही सांगता येत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, आज सांगेन.

मास्तर, पोलीस यायच्या आधी तुम्ही निघा. पळून नव्हे. इकडे या. स्वतःहून आलेला माणूस आणि धरून आणलेला माणूस ह्यांत साहेब फरक करतील. तुम्ही आलात तर मी बसथांब्यावर असेन, तुमच्याबरोबर कचेरीपर्यंत चालेन. शिव्या घाला, बोलू नका, काहीही करा. पण या.

तुमची,
सुगंधा


आपला गाव, २५ जानेवारी १९५९

मास्तर,

तुम्ही परत येऊन आठ दिवस झाले. मी चार वेळा येऊन गेले. आतून कडी होती आणि तुमच्या खडावांचा आवाज येत होता. म्हणून हे दाराखालून सरकवते आहे. टपालाची गरज नाही, मधे फक्त पोफळींची दोन कुळागरं आहेत.

तुम्ही स्वतःहून आला नाहीत. मी चार दिवस, प्रत्येक गाडीला, थांब्यावर उभी होते. पाचव्या दिवशी तुम्ही पोलिसांच्या गाडीतून आलात. डोक्यावर मफलर गुंडाळलेला. माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढचं तुम्हांला माहीत आहे, तरी लिहिते. पोर्तुगीज पत्राचं भाषांतर येऊन पोचलं. त्यात कौलांचा भाव आणि कोणाचा तरी दुखरा गुडघा. बाकी एकतीस पत्रांत बारशी, लग्नं, एक म्हातारा गेल्याची बातमी, एका म्हशीची हकीकत. साहेबांनी तुमच्याकडून पुन्हा असं करणार नाही असं लिहून घेतलं, दोन आठवडे बसवून ठेवलं आणि सोडलं. पेन्शनला धक्का नाही. पहिल्याच दिवशी बोलला असतात तरी एवढंच झालं असतं. कदाचित ह्याहून कमी.

पाद्रीबाबा तीन जानेवारीला घरी आले. अडतीस दिवसांनी. मी दुसऱ्या दिवशी गेले. रोझामायने मला दारात पाहिलं आणि आत निघून गेली. तिला सगळं कळलं होतं. ती माझ्याशी अजून बोलत नाही, बोलेल असं वाटतही नाही.

पाद्रीबाबा सोप्यावर आरामखुर्चीत होते. निम्मे झालेत. चार शब्द बोलले की थांबावं लागतं. मी त्यांच्या पायांशी बसले आणि सांगितलं, एफ मीच मोठा केला. जाणून केला.

ते म्हणाले, "माका ठावक नाय होता ता. मी म्हणालंय, साहेबाचीच चूक."

मग मी विचारलं, कोणी दिलं असं साहेब चार वेळा विचारत होते, तुम्ही गप्प का राहिलात? तुम्हांला ठाऊक नव्हतं, म्हणूनच ना?

ते बराच वेळ खोकले. रोझामायने आतून गरम पाणी आणून त्यांच्या हातात दिलं आणि परत गेली. मग म्हणाले, "ता पोर्तुगीज पत्र माझा. बहिणीक लिहिल्लंय. मास्तरांच्या हातात मीच दिलंय, पुलार बसान."

मास्तर, त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. बाकावर बसून मला हसून बोलले तेव्हाही माहीत होतं. पुडकं कोणी गोळा केलं, कोणाच्या लेकीने नेलं, सगळं. तुमचं नाव घेतलं असतं तर त्याच संध्याकाळी ते घरी आले असते. अडतीस दिवस जमिनीवर निजले, पण नाव घेतलं नाही.

आणि त्यांना माहीत आहे, हे तुम्हांला माहीत होतं. पत्र तुमच्याच हातात दिलं होतं त्यांनी. तुम्ही मुंबईला पळालात ते साहेबांच्या भीतीने, असं मी समजत होते. आता वाटतं, पाद्रीबाबा तुमचं नाव घेतील ह्याच भीतीत तुम्ही दिवस काढलेत. घेतील, आज घेतील, उद्या घेतील. आणि ते घेत नाहीत हे पाहून तुम्हांला आणखीच भीती वाटली असेल. मी तुम्हांला दोष द्यायला लिहीत नाही. मी स्वतः कोण? त्यांना तिथे पाठवणारं बोट माझं.

डॉक्टर म्हणतात, छाती फार खराब झाली आहे, पावसाळा काढतील असं वाटत नाही.

त्यांनी तुमची चौकशी केली. रागाने नाही. विचारलं, "मास्तरांच्या डोळ्यांचा काय झाला?" मी म्हटलं, ऑपरेशन झालंच नाही. तर म्हणाले, "मगे तेंका पूल दिसाचो नाय सांजवेळार. तू हात धरून घेवन ये."

मी उद्या चार वाजता येईन आणि दाराबाहेर उभी राहीन. हाक मारणार नाही. मला अजून भीती वाटते, तुम्ही दार उघडाल तेव्हा काय म्हणाल त्याची, आणि उघडलंच नाही तर त्याहून जास्त. तरी दिवस मावळेपर्यंत मी तिथेच असेन.

सुगंधा